युद्धाआधीची लष्करी बोलणी : वचन न देता तयारी कशी करावी

उद्या ज्याच्या बाजूने लढावे लागेल अशा देशाशी आज योजना आखायची, पण युद्धात उतरण्याचा निर्णय स्वतःकडेच ठेवायचा असेल, तर अटीचे वाक्य पहिल्या बैठकीआधी लिहून घ्या. ब्रिटन-फ्रान्सची लष्करी बोलणी १९०६ च्या सुरुवातीला अधिकृतपणे सुरू झाली. तज्ज्ञांची चर्चा म्हणजे सरकारची बांधिलकी नव्हे, हा लेखी खुलासा ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ग्रे आणि फ्रेंच राजदूत कांबाँ यांच्या पत्रांत आला तो नोव्हेंबर १९१२ मध्ये. मधल्या काळात १९११ पर्यंत ब्रिटिश मंत्रिमंडळातल्या बहुतेकांना बोलण्यांचा पत्ताच नव्हता. ही चूक मुळीच करू नका. अंधारात ठेवलेले सहकारी ऐन वेळी पाठीशी उभे राहत नाहीत.

मसुद्यात क्रियापदे तपासा. १९४१ च्या जानेवारी ते मार्चमध्ये वॉशिंग्टनला, अजून युद्धात नसलेल्या अमेरिकेशी लष्करी बोलणी करायला, ब्रिटिश अधिकारी साध्या कपड्यांत, ब्रिटिश खरेदी मंडळाचे सल्लागार म्हणून आले. अमेरिकेच्या प्रास्ताविक निवेदनातले ‘युद्धात उतरायचे ठरवल्यास’ हे शब्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ‘उतरणे भाग पडल्यास’ असे बदलले आणि ‘मित्रराष्ट्रे’ काढून ‘सहयोगी’ घातले. अंतिम आराखड्यालाही त्यांनी मंजुरी दिली नाही. युद्ध झाल्यास पुन्हा आणा, एवढेच सांगितले. योजना तयार, सही बाकी: हाच क्रम ठेवा.

खरा धोका मात्र शब्दांत नसतो, फौजा कुठे हलवल्या यात असतो. १९१२ मध्ये फ्रान्सने ब्रेस्ट बंदरातले आरमार भूमध्य समुद्रात नेले, त्यामुळे त्याचा उत्तर किनारा जवळजवळ उघडा पडला. कागदावर ब्रिटन मोकळा होता. तरी २ ऑगस्ट १९१४ रोजी, जर्मन आरमार इंग्लिश खाडीत आले तर फ्रान्सचे संरक्षण करू, असे आश्वासन त्याला द्यावेच लागले. म्हणून योजनेच्या प्रत्येक कलमापुढे एक प्रश्न लिहा: आपल्या भरवशावर समोरचा कोणती जागा मोकळी सोडतो आहे? उत्तर सापडले, तर ते कलम लष्करी राहिले नाही. ते मंत्रिमंडळापुढे न्या.

टिपणे जपताना अट मुख्य मजकुरातच ठेवा. ब्रिटनशी झालेल्या बोलण्यांच्या १९०६ च्या बेल्जियन टिपणात, जर्मनीने बेल्जियमची तटस्थता मोडल्यावरच ब्रिटिश सैन्य येईल, ही अट समासात लिहिलेली होती. १९१४ मध्ये ब्रुसेल्समध्ये ते कागद हाती लागल्यावर जर्मनीने बेल्जियमनेच तटस्थता सोडल्याचा पुरावा म्हणून ते छापले.