स्ट्रायकर, सोंगटी आणि अडलेला संवेग

अकरावी सायन्सला गेलो तेव्हा मोमेंटम म्हणजे नववीतला आपला संवेगच, हे कळायलाच आठवडा गेला. कळल्यावरही कोडं उरलंच. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग, आणि वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचं अर्धं म्हणजे गतिज ऊर्जा. त्याच दोन गोष्टींतून दोन राशी कशाला? सूत्रं तोंडपाठ, पण कुठल्या गणिताला कुठलं लावायचं ते उमगेना. पहिल्या चाचणीत पंचवीसपैकी सात.

गुंता सुटला कॅरमवर. स्ट्रायकर १५ ग्रॅमचा, सोंगटी ५ ग्रॅमची धरा. स्ट्रायकर सेकंदाला २ मीटर वेगाने सोंगटीच्या बरोबर मध्यावर बसला. टकरीत ऊर्जा वाया जात नाही असं समजू (खरं तर जाते, तो ‘टक्’ आवाज फुकट येत नाही). स्ट्रायकरचा वेग १ वर येतो, सोंगटी ३ ने सुटते. संवेग आधी १५ × २ = ३०, नंतर १५ आणि १५, म्हणजे निम्मा-निम्मा. ऊर्जा आधी ३० मिलिज्यूल. नंतर स्ट्रायकरकडे साडेसात, सोंगटीकडे साडेबावीस. बेरजा दोन्ही जुळल्या, वाटणी मात्र निराळी. हे नुसतं वाचू नका, वहीत मांडा.

आता दोघं चिकटून पुढे गेले असं समजा. वेग दीड. संवेग तरीही ३०, ऊर्जा मात्र साडेबावीसच उरली. म्हणून टकरीच्या गणितात आधी संवेग मांडायचा; ऊर्जेवर भरवसा टक्कर कशी आहे ते बघूनच.

गाडीचा वेग ताशी ३० वरून ६० किलोमीटर केला की संवेग दुप्पट, ऊर्जा चौपट. ब्रेकचं बल तेवढंच असेल तर थांबायला वेळ दुप्पट लागतो, अंतर मात्र चौपट. बलासोबत सेकंद दिले असतील तर मी संवेगाकडे वळतो, मीटर दिले असतील तर ऊर्जेकडे. गतीचं खरं माप कुठलं, यावर जर्मन गणिती लायब्निझने १६८६ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या मताविरुद्ध लिहिलं आणि पुढे कित्येक वर्षं विद्वान भांडत राहिले. तेव्हा तुमचा गोंधळ उडाला तर लाजू नका.

संवेगाला दिशा असते, ऊर्जेला नसते. चेंडू भिंतीवर सरळ आपटून तेवढ्याच वेगाने परत आला, तर ऊर्जा जैसे थे, पण संवेगातला बदल मूळ संवेगाच्या दुप्पट. त्या चाचणीत मी तिथे ठळक अक्षरात शून्य लिहिलं होतं.