होमबिल्ट विमानाची स्टॉल आणि स्पिन चाचणी : या चुका टाळा

स्वतः बांधलेल्या विमानाचे पहिले उड्डाण सुखरूप पार पडले की बांधणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो, आणि पुढची स्टॉलची (पंखावरचा हवेचा प्रवाह तुटून उचल एकदम घटण्याची) चाचणी ही केवळ नोंदवहीत एक आकडा भरण्याची बाब वाटू लागते. ही समजूत घातक आहे, कारण स्टॉलमध्ये विमान कसे वागेल याचा निर्णय बराचसा ते जमिनीवर असतानाच झालेला असतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे त्याच आराखड्याची इतर विमाने सरळ नाक खाली टाकतात, म्हणून आपलेही तसेच वागेल असे गृहीत धरणे. पंखाच्या पुढच्या कडेतला फरक किती दूरवर परिणाम करतो हे अमेरिकेत नासाच्या लँगली केंद्राने ग्रुमन अमेरिकन यांकी या छोट्या विमानावर केलेल्या प्रयोगांत दिसून आले. पंखाच्या केवळ बाहेरच्या भागाची कड खाली झुकवल्यावर विमान स्पिनला (स्टॉल झालेले विमान गोल फिरत खाली येण्याला) दाद देईनासे झाले, पण तोच बदल पंखाच्या संपूर्ण लांबीवर केल्यावर स्पिन सपाट (नाक फारसे खाली न जाता फिरणारी) आणि अधिक धोकादायक झाली. दोन पंखांच्या पिळात नकळत राहिलेला फरक किंवा पुढच्या कडेवरचा रंगाचा उंचवटा यांच्याकडेही म्हणूनच याच गांभीर्याने पाहिले पाहिजे.

गुरुत्वमध्य कागदावर काढून भागत नाही. विमान पूर्ण तयार झाल्यावर, रंगासह, तराजूवर चढवून तो मोजावा, आणि पहिले स्टॉल तो परवानगीच्या मर्यादेत पुढे ठेवूनच करावेत. गुरुत्वमध्य जसजसा मागे सरकतो तसतशी स्टिक (वैमानिकाच्या हातातला नियंत्रण दांडा) हलकी होते, नाक खाली नेण्याची एलिव्हेटरची (शेपटीवरच्या आडव्या हलत्या पट्टीची) क्षमता घटते आणि स्पिन सपाट होण्याचा धोका वाढतो. मागच्या मर्यादेकडे जाताना टप्पे लहान ठेवावेत, आणि आधीच्या टप्प्यात काहीही अनपेक्षित घडले असेल तर पुढचा टप्पा त्याच दिवशी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेगमापकावर आंधळा विश्वास ठेवणे हीसुद्धा नेहमीची चूक आहे. नाक वर असताना वेगमापकाला हवेचा दाब पुरवणाऱ्या पिटो आणि स्टॅटिक छिद्रांजवळचा प्रवाह बदलतो, त्यामुळे सर्वांत कमी वेगालाच सर्वांत मोठी त्रुटी येऊ शकते. शिवाय स्टॉल अँगल ऑफ अटॅकवर (पंख आणि समोरून येणारी हवा यांतल्या कोनावर) ठरतो, वेगावर नाही : उंची राखून ६० अंश कललेल्या वळणात स्टॉलचा वेग सुमारे १.४१ पट होतो. सरळ उड्डाणात मिळालेला आकडा हाताशी धरून धावपट्टीकडे घट्ट वळण घेणारा वैमानिक याच ठिकाणी फसतो, आणि तेथे सावरण्याइतकी उंचीही नसते.

दर वेळी एकच पंख पडत असेल तर आधी बॉल (विमान बाजूला घसरते का हे दाखवणाऱ्या उपकरणातली गोळी) मध्यभागी होता का ते तपासावे, मग दोन्ही टाक्यांतले इंधन, मग फ्लॅप आणि एलरॉन या पंखांच्या मागच्या कडेवरच्या हलत्या पट्ट्यांची जुळणी, आणि शेवटी दोन्ही पंखांचे बसवण्याचे कोन. ही तपासणी न करता थेट स्टॉल स्ट्रिप (पंखाच्या पुढच्या कडेवरची छोटी पट्टी) चिकटवणे म्हणजे दोष झाकणे होय. पडलेला पंख एलरॉनने उचलण्याचा मोह मात्र कटाक्षाने आवरावा, कारण खाली गेलेला एलरॉन त्या पंखाचा अँगल ऑफ अटॅक आणखी वाढवतो. स्टिक पुढे नेऊन अँगल ऑफ अटॅक कमी करावा आणि रडरने (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूने) नाक वळू देऊ नये.

आराखडाकाराने स्पिन वर्ज्य केली असेल तर ती करून पाहू नये. तशा विमानात बॉल मध्यभागी ठेवून, वेग सेकंदाला सुमारे एक नॉट या दराने कमी करत, पहिली थरथर जाणवताच सावरावे. स्पिन नकळत लागली आणि आराखडाकाराची वेगळी सूचना नसेल, तर थ्रॉटल (इंजिनाची शक्ती ठरवणारा दांडा) पूर्ण मागे, एलरॉन मध्यभागी, फिरण्याच्या विरुद्ध दिशेला पूर्ण रडर आणि त्यानंतर स्टिक पुढे, हा क्रम पाळावा. फिरणे थांबेपर्यंत रडर सोडू नये. थांबताच मात्र तो मध्यभागी आणावा आणि नाक हळूवारपणे वर घ्यावे, कारण घाईने ओढल्यास पुन्हा स्टॉल येतो. स्टिक मागे ओढण्याची उपजत प्रेरणा किती फसवी आहे, हे १९१२ मध्ये ब्रिटनचे वैमानिक विल्फ्रेड पार्क यांनी स्पिनमध्ये अनुभवले. ओढूनही उपयोग होत नाही म्हटल्यावर त्यांनी विरुद्ध दिशेचा रडर पूर्ण दिला, आणि जमिनीच्या अगदी जवळ विमान सावरले.

पूर्ण स्पिनमध्ये छोटे विमान एका फेऱ्याला सुमारे ५०० फूट गमावते. म्हणून अशी चाचणी एकट्यानेच, पॅराशूट बांधून आणि भरपूर उंचीवरून सुरू करावी, आणि विमान सोडण्याची उंची उड्डाणापूर्वी लिहून ठेवावी. कॅनपी (कॉकपिटवरचे झाकण) उघडून पट्टे सोडत बाहेर पडण्याचा सरावही जमिनीवर, पॅराशूट घालूनच करावा, कारण अरुंद कॉकपिटमध्ये हे किती वेळखाऊ आहे ते केल्याशिवाय कळत नाही.