कॅनरी बेटांची सहल आखताना : आधी वारा पाहावा, मग बेट निवडावे

आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर, अटलांटिक महासागरात, सुमारे 28 उत्तर अक्षांशाच्या आसपास कॅनरी बेटे पसरलेली आहेत. ती स्पेनची असली, तरी माद्रिदहून तिथे पोहोचायला विमानाने अडीच ते तीन तास लागतात आणि सर्वांत जवळचे फुएर्तेवेन्तुरा हे बेट आफ्रिकेपासून जेमतेम 100 किलोमीटरवर आहे. वस्ती असलेली बेटे आठ : तेनेरिफे, ग्रान कनारिया, लान्सारोते, फुएर्तेवेन्तुरा, ला पाल्मा, ला गोमेरा, एल इएर्रो आणि चिमुकले ला ग्रासिओसा. पहिल्यांदा जाणारे बहुतेक लोक समुद्रकिनाऱ्यांची छायाचित्रे पाहून हॉटेल ठरवतात आणि आठवडाभरात चार-पाच बेटे उरकण्याचा बेत करतात. माझ्या मते या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. आठ-दहा दिवसांसाठी दोनच बेटे घ्यावीत, आणि ती निवडताना वाऱ्याची दिशा व डोंगराची उंची या दोन गोष्टींना बाकी सगळ्यांपेक्षा अधिक महत्त्व द्यावे.

याचे कारण समजून घेतले की पुढची सगळी आखणी सोपी होते. या बेटांवर वर्षातील बराच काळ ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. ते समुद्रावरून दमट हवा आणतात, ती हवा उंच बेटांच्या उत्तर उतारावर अडते आणि साधारण 600 ते 1500 मीटरच्या पट्ट्यात ढगांचा थर साचतो. सह्याद्रीच्या एका अंगाला कोकण भिजते आणि दुसऱ्या अंगाला माणदेश कोरडा राहतो, तोच प्रकार इथे एकेका बेटावर, तासाभराच्या रस्त्यात पाहायला मिळतो. तेनेरिफेच्या उत्तरेला केळीच्या बागा, ओलसर दऱ्या आणि जुनी गावे आहेत. दक्षिणेला ऊन, खडक आणि हॉटेलांची रांग आहे. लान्सारोते आणि फुएर्तेवेन्तुरा ही बेटे मात्र ठेंगणी आहेत. लान्सारोतेचे सर्वोच्च ठिकाण 671 मीटर, तर फुएर्तेवेन्तुराचे 807 मीटर उंच आहे. त्यामुळे ढग अडवण्याइतकी उंची त्यांच्याकडे फारशी नाही आणि तिथला प्रदेश जवळजवळ वाळवंटी आहे. ज्यांना हिरवळ हवी त्यांनी उंच बेटाची उत्तर बाजू घ्यावी, ज्यांना हमखास ऊन हवे त्यांनी दक्षिण बाजू किंवा पूर्वेकडची बेटे घ्यावीत.

जोड्या ठरवताना फेरीबोटींचा विचार करावा. तेनेरिफेच्या दक्षिणेकडील लोस क्रिस्तियानोस बंदरातून ला गोमेराला जलद फेरीने सुमारे तासाभरात जाता येते. गोमेराच्या माथ्यावरचे गाराहोनाय राष्ट्रीय उद्यान 1986 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि धुक्यात उभे असलेले तिथले लॉरेल वृक्षांचे शेवाळलेले जंगल चालत पाहण्यासाठी किमान दोन रात्री तरी द्याव्यात. त्याच बेटावर दरीपलीकडच्या माणसाशी शिटीने बोलण्याची सिल्बो ही पद्धत आजही शाळांतून शिकवली जाते. दुसरी चांगली जोडी लान्सारोते आणि फुएर्तेवेन्तुरा यांची : प्लाया ब्लांका ते कोरालेहो हा प्रवास तासाभराच्या आत आटोपतो. तारे पाहण्याची आवड असलेल्यांनी ला पाल्माचा विचार करावा. तिथल्या 2,426 मीटर उंच रोके दे लोस मुचाचोस या शिखरावर 10.4 मीटर व्यासाच्या आरशाची महादुर्बीण आहे. याच बेटावर 19 सप्टेंबर ते 13 डिसेंबर 2021 या काळात ज्वालामुखीचा उद्रेक होऊन घरे आणि केळीच्या बागा लाव्ह्याखाली गेल्या, हे तिथे फिरताना लक्षात ठेवावे. तिकिटे काढताना एक काळजी अवश्य घ्यावी : ला पाल्मा हे बेट आहे, लास पाल्मास हे ग्रान कनारियावरचे शहर आहे, आणि नुसते पाल्मा म्हणजे भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटाची राजधानी आहे.

पहिल्या खेपेला मी तेनेरिफेच सुचवेन, आणि त्यातही एक पूर्ण दिवस तेइदे पर्वतासाठी राखून ठेवावा असे आग्रहाने सांगेन. सुमारे 3,715 मीटर उंचीचे हे स्पेनमधील सर्वोच्च शिखर असून त्याच्या परिसरातील राष्ट्रीय उद्यानाला 2007 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. उत्तरेकडील ला ओरोतावाच्या बाजूने सकाळी गाडी वर चढू लागली की प्रथम धुके लागते. तिथे कॅनरी पाइनच्या लांब सुया ढगातले पाणी टिपून घेतात आणि आभाळातून पाऊस पडत नसतानाही झाडाखालची माती थेंबाथेंबाने भिजत राहते. आणखी काही वळणे पार केली की ढग एकदम पायाखाली जातात आणि वर कोरडे, निळे आकाश उरते. तिथून पुढे झाडे संपतात आणि तांबूस-काळ्या लाव्ह्याचे पठार सुरू होते. केबलकार 2,356 मीटरवरून 3,555 मीटरपर्यंत नेते. तिथून माथ्यापर्यंतच्या शेवटच्या वाटेसाठी वेगळा परवाना लागतो, त्याच्या जागा मोजक्या असतात आणि त्या फार लवकर भरतात. म्हणून विमानाच्या तिकिटांबरोबरच त्याची नोंदणी करावी. वारा वाढला की केबलकार बंद होते, त्यामुळे तेइदेचा दिवस मुक्कामाच्या सुरुवातीलाच ठेवावा, म्हणजे एखादा दिवस वाया गेला तरी पुन्हा जाता येईल. हृदयविकार असलेल्यांनी इतक्या उंचीवर जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि खाली किनाऱ्यावर कितीही ऊन असले तरी जाड जाकीट सोबत घ्यावे.

लान्सारोतेला जाणाऱ्यांनी तिमानफाया उद्यानाबरोबरच ला हेरिया ही द्राक्षांची खोरी पाहावीत. 1730 ते 1736 या काळातील उद्रेकांनी सुपीक जमीन राखेखाली गाडली गेली, तेव्हा शेतकऱ्यांनी त्या राखेत खोल खड्डे खणून तळाशी एकेक वेल लावली आणि वाऱ्याच्या बाजूला अर्धवर्तुळाकार दगडी बांध घातले. काळी राख रात्रीचा ओलावा धरून ठेवते आणि बांध वारा अडवतो. एका वेलीसाठी एवढी मेहनत घेतलेली पाहिली की द्राक्षबागांच्या आपल्या मुलखातून गेलेला माणूस तिथे नक्की थबकेल.

हंगामाबाबत सांगायचे तर किनाऱ्यावर बारा महिने हवा सौम्य असते : हिवाळ्यात दुपारी 20-21 अंश, उन्हाळ्यात साधारण 26 ते 28. समुद्राचे पाणी मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये 18-19 अंशांपर्यंत उतरते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सर्वांत ऊबदार असते. उत्तर युरोपातील लोक थंडी चुकवायला तिथे येत असल्याने नाताळ ते मार्च हा महागडा काळ ठरतो. आपल्याकडची दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरमध्ये येत असेल, तर त्यासारखा योग नाही. जुलै-ऑगस्टमध्ये वारा सर्वांत जोरात असतो, ज्याचा आनंद फुएर्तेवेन्तुरावर विंडसर्फिंग करणाऱ्यांना होतो, लहान मुलांना घेऊन वाळूत बसणाऱ्यांना नव्हे. अधूनमधून सहारातून धुळीचे लोट येतात, त्याला तिथे कालिमा म्हणतात; दम्याच्या रुग्णांनी औषधे जवळ बाळगावीत.

ही बेटे शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात येतात, म्हणून भारतीय पारपत्रधारकांनी स्पेनचा शेंगेन व्हिसा घ्यावा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान 30,000 युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा लागतो. उन्हाळी सुट्टीच्या आधी भेटीची वेळ मिळणे कठीण जाते, तेव्हा घाई होऊ देऊ नये. लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसले तरी ब्रिटनचे ट्रान्झिट व्हिसाचे नियम वेगळे आहेत, ते आधी तपासावेत. तेनेरिफेवर उत्तर आणि दक्षिण असे दोन विमानतळ आहेत. मुक्काम जिथे असेल त्या बाजूचा निवडावा. घड्याळ माद्रिदच्या एक तास मागे चालते, हे जोडविमान पकडताना विसरू नये.

मोठ्या बेटांवर बससेवा चांगली आहे आणि बसला तिथे सगळे ग्वाग्वा म्हणतात. डोंगरातील गावांसाठी मात्र भाड्याची गाडी सोयीची पडते. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा, वाहतूक उजवीकडून चालते हे ध्यानात ठेवावे, आणि गाडी फेरीवरून दुसऱ्या बेटावर नेण्याची मुभा करारात आहे का, ते लेखी पाहून घ्यावे.

शाकाहारी माणसाची तिथे उपासमार होत नाही. पापास आर्रुगादास म्हणजे सालीसकट भरपूर मिठाच्या पाण्यात उकडलेले छोटे बटाटे. पाणी आटवल्यावर साल सुरकुतते आणि तिच्यावर मिठाचा पांढरा थर धरतो. सोबत मोहो नावाची चटणी येते : लाल मिरचीची, किंवा कोथिंबीर-लसणाची हिरवी. भाजलेल्या धान्याचे गोफियो नावाचे पीठ सातूच्या पिठाची आठवण करून देते, पण त्याचा एस्काल्दोन नावाचा घट्टसर पदार्थ बहुधा माशाच्या रश्शात कालवतात, म्हणून आधी विचारावे. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढे दोन शब्दप्रयोग पाठ करावेत. सिंधी व्यापारी कुटुंबे या बेटांवर अनेक दशकांपासून स्थायिक आहेत आणि पर्यटकी गावांत भारतीय जेवणही मिळते.

राहण्याची जागा निवडताना तिथल्या लोकांचाही विचार व्हावा असे मला मनापासून वाटते. घरांची भाडी आणि पाण्याची टंचाई यांमुळे एप्रिल 2024 मध्ये सर्व प्रमुख बेटांवर हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. नोंदणीकृत निवासातच उतरावे, पाणी जपून वापरावे आणि लाव्ह्याचे दगड पिशवीत भरून आणू नयेत. उत्तर किनाऱ्यांवर लाटा फसव्या असतात; लाल बावटा असेल तर पाण्यात पाऊलही टाकू नये, पिवळा असेल तर पोहता येणाऱ्यांनीही कडेलाच राहावे, आणि अडचण आल्यास 112 या क्रमांकावर फोन करावा.