पायथनच्या प्रॉम्प्टवर ओळ दुरुस्त करताना

अमळनेरला माझ्या संध्याकाळच्या प्रोग्रॅमिंगच्या वर्गात उबुंटू 22.04 ही लिनक्स सिस्टीम आहे आणि त्यासोबत आलेली पायथन 3.10 ही प्रोग्रॅमिंगची भाषा. आम्ही प्रॉम्प्टवर, म्हणजे पायथन एकेक ओळ घेऊन लगेच चालवतं तिथे, लिहितो. बरीच पोरं कापूसवाल्यांच्या घरची, म्हणून आमची पहिली बेरीज क्विंटलांची. एकाने घरचा लॅपटॉप आणला होता. चुकलेली ओळ परत आणायला त्याने वरचा बाण दाबला, तर ओळीत टोपीचं चिन्ह, दोन चौकोनी कंस आणि इंग्रजी ए उमटला. "मॅडम, बाण चाली नही राहिना." त्याला वाटलं कीबोर्ड गेला.

कीबोर्ड ठणठणीत होता. या आवृत्तीत पायथनच्या हाती एंटर दाबल्यावरची पूर्ण ओळच येते. ओळीत मागेपुढे जाणं, जुनी ओळ आणणं हे काम रीडलाइन ही वेगळी लायब्ररी करते. त्याने पायथन सोर्सवरून कंपाइल केलं होतं, म्हणजे मूळ कोडपासून स्वतः तयार केलं होतं, आणि त्या वेळी मशीनवर रीडलाइन जोडायला लागणारं लिबरीडलाइन-डेव्ह हे पॅकेज नव्हतं. तुमच्याकडे असं झालं तर प्रॉम्प्टवर 'इम्पोर्ट रीडलाइन' देऊन बघा. मॉड्यूल सापडत नाही असं उत्तर आलं की आधी ते पॅकेज टाका आणि पायथन पुन्हा कंपाइल करा. तेवढा वेळ नसेल तर आरएलरॅप हा छोटा प्रोग्रॅम बसवा आणि पायथन त्याच्यामार्फत चालू करा, बाण लगेच चालतात.

विंडोजवरून आलेल्यांचे हात तीन ठिकाणी फसतात. सेव्ह करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलं की स्क्रीन गोठते. टर्मिनल, म्हणजे आपण ओळी लिहितो ती खिडकी, फक्त थांबलेलं असतं, कंट्रोल-क्यू दाबा, सुटतं. खिडकी बंद करू नका. अनडू म्हणून कंट्रोल-झेड दाबलं की पायथन मागे जाऊन शेल, म्हणजे उबुंटूच्या आज्ञा घेणारा प्रॉम्प्ट, समोर येतो. तिथे 'एफजी' लिहून एंटर द्या, म्हणजे तुमची सगळी व्हेरिएबल्स जशीच्या तशी परत मिळतात. खरं अनडू कंट्रोल आणि अंडरस्कोरवर आहे. तिसरं कंट्रोल-डी: ओळीत काही असेल तर कर्सरखालचं अक्षर जातं, ओळ रिकामी असेल तर पायथनच बंद होतं.

कंट्रोल-ए ओळीच्या सुरुवातीला नेतं, कंट्रोल-ई शेवटाला, कंट्रोल-के कर्सरपुढचं कापतं, कंट्रोल-वाय ते परत टाकतं. ही चार दोन दिवसांत बोटात बसतात.

मी सगळ्यात आधी शिकवते ते मात्र कंट्रोल-आर. ते दाबून 'कापूस' एवढंच टाइप करा, ज्या ओळीत तो शब्द शेवटचा आला ती समोर येते. पुन्हा दाबलं की त्याआधीची. इथे एंटरची घाई करू नका, एंटरने ओळ लगेच चालते. आकडा बदलायचा असेल तर आधी उजवा बाण दाबा. शोध सोडायचा असेल तर कंट्रोल-जी.

जुन्या ओळींची ही हिस्टरी होम फोल्डरमधल्या डॉट पायथन_हिस्टरी या फाइलमध्ये राहते, पण 3.10 मध्ये ती लिहिली जाते पायथन नीट बंद करताना. आमच्याकडे वीज गेली आणि दोन तासांच्या ओळी गेल्या. तेव्हापासून मोठं काम आम्ही फाइलमध्येच लिहितो.

फंक्शन पेस्ट करतानाही सांभाळा. फंक्शनच्या मधली रिकामी ओळ आली की पायथन समजतं फंक्शन संपलं, आणि पुढच्या ओळीला इंडेंटेशन एरर, म्हणजे ओळीआधीची मोकळी जागा चुकल्याची तक्रार, येते. रिकाम्या ओळी काढून पेस्ट करा. जुनं फंक्शन परत आणायचं तर बाणाने एकेक ओळ आणावी लागते, सहा ओळींचं असेल तर सहा वेळा.

ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या पायथन 3.13 ने हे दुखणं घालवलं. त्यात पायपाय (पायथनचंच एक वेगळं रूप) प्रकल्पातून आलेला नवा प्रॉम्प्ट आहे: वरचा बाण पूर्ण फंक्शन आणतो, एफ3 दाबून रिकाम्या ओळींसकट पेस्ट करता येतं, बाहेर पडायला 'एक्झिट' पुरे, कंस नको. नवीन मशीन असेल तर हेच घ्या.

व्हेरिएबलला 'कापूस' असं मराठी नाव दिलं तरी पायथन 3 ते घेतं, आणि पोरांना ते फार आवडतं. फक्त पायथन त्यात पाच अक्षरं मोजतं, कारण काना आणि उकार त्याला वेगळे. आमच्या टर्मिनलात त्यामुळे कर्सर कधी कधी अक्षरापासून सरकलेला दिसतो. अशा वेळी मधे दुरुस्ती करत बसू नका. कंट्रोल-यूने कर्सरमागचं सगळं काढा आणि शब्द पुन्हा लिहा.