पिरियड ड्रामात माणसं कशी भरायची

जुन्या काळाच्या सिनेमात पडद्यावर कोणत्या वर्णाची माणसं दिसणार हे कास्टिंगच्या दिवशी ठरवलं तर उशीर झालेला असतो. नंतर घुसवलेलं पात्र ट्रे घेऊन दारात उभं राहतं आणि तिथेच संपतं. म्हणून हे काम पटकथेच्या दुसऱ्या खर्ड्यातच उरकावं.

आधी एक ठरवा: काळ होता तसा दाखवायचा, की वर्ण न बघता भूमिका वाटायच्या? दोन्ही चालतं. दुसरा मार्ग घेतलात तर पहिल्या पाच मिनिटांत, मुख्य भूमिकेतूनच कळू द्या. नायिकेच्या वर्णाकडे कुणी बघत नाही आणि तिसऱ्या सीनला गाडीवानाचा मात्र वर्णावरून अपमान होतो, अशी भेसळ प्रेक्षकाला पटत नाही.

पहिला मार्ग असेल तर कागद काढा. समजा कथा अठराव्या शतकातल्या लंडनची आहे. ‘तेव्हा सगळे गोरेच होते’ असं मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास म्हणतं. बाप्तिस्म्याच्या नोंदी, जहाजांचे हजेरीपट आणि ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी कोर्टातले खटले (१६७४ ते १९१३, ऑनलाइन फुकट) वेगळंच सांगतात. गुलामांच्या जहाजावर जन्मला असं ज्याच्याबद्दल सांगतात तो इग्नेशियस सँचो वेस्टमिन्स्टरमध्ये किराणा दुकान चालवायचा. १७७४च्या निवडणुकीत त्याने मतही दिलं. थोडं पुढे, १८१०मध्ये, हिंदुस्थानातून आलेल्या दीन महोमेदने लंडनला हिंदुस्तानी कॉफी हाउस काढलं. यातून नावांपेक्षा धंदे उचला.

मग प्रत्येक पात्राला तीन प्रश्न विचारा: पैसा कुठून येतो, राहतो कुठे, सीन संपल्यावर जातो कुठे? तिसरा रकाना रिकामा राहिला तर ते पात्र शोभेचं आहे. हवेलीच्या मालकालाही यातून सोडू नका. कॅरिबियन ऊसमळ्यांचा पैसा असेल तर हिशेबाची वही एकदा तरी टेबलावर दिसू द्या. गुलामगिरी बंद करणाऱ्या १८३३च्या ब्रिटिश कायद्याने २ कोटी पौंड भरपाई दिली ती मालकांना, गुलामांना नाही. असल्या तपशिलातून सीन निघतात.

गर्दीत एकेक चेहरा पेरू नका, जाहिरात वाटते. गोदीच्या सीनला ६० ज्युनिअर आर्टिस्ट असतील तर दहा-बारा आशियाई खलाशांचा गट एकत्र ठेवा आणि त्यांना काम द्या: दोर गुंडाळणं, पिंपं ढकलणं, आपसांत हुज्जत.

खरा घात उजेडात होतो. मेणबत्तीच्या सीनला गोऱ्या चेहऱ्यावर एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) बांधलं की शेजारचा सावळा नट काळोखात जातो आणि त्याची पांढरी कॉलर तेवढी चमकते. नुसता लाइट वाढवला तर कॉलर जळते, म्हणजे पडद्यावर नुसता पांढरा डाग दिसतो. त्यापेक्षा कापड चहाच्या पाण्यात बुडवून त्याचा पांढरेपणा उतरवा. बाजूने मोठा मऊ लाइट द्या, गालावर चकाकी येते. ती पावडरने मारू नका. मागची भिंत चेहऱ्यापेक्षा उजळ ठेवा. लूक टेस्ट, म्हणजे शूटिंगआधीची कॅमेऱ्यावरची चाचणी, दोन्ही नटांना एकाच फ्रेममध्ये बसवून, खऱ्या मेणबत्तीवर घ्या.

कुरळ्या केसांचं काम येणारा केशभूषाकार वेगळा लागतो. विगची पहिली ट्रायल शूटिंगच्या किमान सहा आठवडे आधी घ्या, कारण न बसलेला विग नव्याने विणायला वेळ जातो.

एडिटमध्ये पहिली कात्री दुय्यम पात्रांवर चालते. त्यामुळे कथानकाला लागणारी एखादी गोष्ट, पत्ता, उधारी किंवा साक्ष, त्यांच्याच तोंडी ठेवा. मग तो सीन कापायला कुणी धजत नाही.