कलाकारानं विदर्भात बिऱ्हाड कुठं मांडावं?

गाव सोडायचं ठरलं की पहिलं नाव नागपूरचंच निघते. चित्रकला महाविद्यालय तिथं, सुरेश भट सभागृह तिथं, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र तिथं. पण सभागृह जवळ असल्यानं कोणाची चूल पेटत नाही. शहर निवडायचं ते पैसा देणारा कुठं आहे, माल कुठून येतो आणि वर्षातले किती महिने रिकामे जातात, हे पाहून.

आधी वही घ्या. गेल्या 12 महिन्यांची कमाई महिनावार मांडा आणि प्रत्येक रकमेपुढं ती कोणत्या गावाहून आली ते लिहा. अर्ध्याहून जास्त पैसा ज्या दिशेनं येतो, तिकडचं शहर आधी तपासायचं. मग एकूण कमाईला 12 नं भागा. किराया आणि वीजबिल मिळून या आकड्याच्या चौथ्या हिश्श्यात बसलं पाहिजे. सीझनमधल्या भरीच्या महिन्यावर हिशोब करून खोली घेणारे पुढच्या पावसाळ्यात सामान बांधतात.

नट, गायक, तबला-ऑर्गनवाले, पडदे रंगवणारे यांच्यासाठी गोष्ट सोपी आहे. झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भातला धानाचा पट्टा. तिथल्या नाटकांचा बाजार वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज. कंपन्यांची ऑफिसं तिथं, खेळांचं बुकिंग तिथं. गावोगावच्या मंडळांची माणसं दिवाळीच्या सुमारास तिथंच फिरताना दिसतात. धान निघाला की मंडया (गावजत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू होतात आणि रात्रभराचे खेळ होळीपर्यंत चालतात. होळी ते दिवाळी मात्र हात रिकामे. म्हणून वडशात वर्षभराचा किराया भरण्यापेक्षा सीझनपुरती भागीत खोली करावी आणि बाकीचे महिने गावाकडं वावर (शेत) सांभाळावं, हे आमचं स्पष्ट मत. 2023 साली पद्मश्री मिळालेले झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे हेही गडचिरोली जिल्ह्यातलेच. झाडीपट्टीत नाव करायला नागपूर गाठावं लागत नाही. कंपनीशी बोलताना एका खेळाचा दर किती, गाडीभाडं कोणाकडं आणि पावसानं खेळ रद्द झाला तर काय, या तिन्ही गोष्टी ॲडव्हान्स घेण्याआधी कागदावर आणा. भांडणं बहुतेक तिसऱ्यावर होतात.

मूर्तिकाराचं गणित वेगळं. त्याला नागपूर मानवते, कारण गिऱ्हाईक चितार ओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत, आपणहून येते. पण दिनदर्शिका नीट पाहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा, लाकडी नंदींचा तान्हा पोळा, आणि त्यानंतर तीन-चार दिवसांत गणपती. लाकडी नंदी आणि मूर्ती दोन्ही करणाऱ्याचं काम एकाच पंधरवड्यात अंगावर येते, तेही ऐन पावसात. पैसा भाद्रपद-आश्विनात हाती येतो, माती आणि रंगाचा खर्च मात्र उन्हाळ्यापासून सुरू होतो. चार-पाच महिने खिशातून काढायची तयारी नसेल तर पहिल्या वर्षी स्वतःची जागा घेऊच नका, कुणाच्या कारखान्यात मजुरीवर राहा.

लाकूड आणि बांबूवाल्यांनी चंद्रपूरकडं पाहावं. सागवानासाठी बल्लारपूरचा डेपो जवळ, बांबूच्या प्रशिक्षणासाठी चिचपल्लीचं केंद्र. लाकूड घेताना पावतीसोबत वाहतूक परवाना मागून घ्या. रस्त्यात गाडी अडली की नुसती पावती कामाची नाही. बांबू ग्रामसभांकडूनही मिळतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला 2011 पासून बांबूचे वाहतूक परवाने स्वतः देता येतात. मातीकामासाठी याच जिल्ह्यात भद्रावती आहे, तिथल्या ग्रामोदय संघ या कुंभारकामाच्या संस्थेमुळं त्या गावाला भट्टीची सवय आहे. वर्धा मात्र ज्यांचा माल पार्सलनं बाहेर जातो त्यांच्यासाठी बरं: वर्धा जंक्शन मुंबई-हावड्याच्या मार्गावर, सेवाग्राम स्टेशन दिल्ली-चेन्नईच्या, आणि नागपूर 75 किलोमीटरच्या आसपास.

अकोला, दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या पट्ट्यात जायचं असेल तर आधी पाणी तपासा. पूर्णा नदीचं खोरं खारपाणपट्ट्यात येते, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. अशा पाण्यात मळलेली माती भाजली की अंगावर पांढरी खार फुटते, आणि कापड रंगवणाऱ्याचा रंग उडल्यासारखा दिसतो. एकाच कापडाचे दोन तुकडे घ्या. एक तिथल्या बोअरच्या पाण्यात रंगवा, एक साठवलेल्या पावसाच्या पाण्यात. रंग, वजन आणि वेळ सारखी ठेवा. सुकल्यावर फरक दिसला तर घरमालक कितीही भला असो, ती खोली सोडा. नळाचं पाणी गोडं आहे असं सांगितलं, तर ते किती दिवसांआड येते हे शेजारच्या बाईला विचारा.

खोली पाहायला मे महिन्यात दुपारी 3 वाजता जा आणि पुन्हा झडीच्या दिवसांत जा. टिनाच्या शेडखाली मे महिन्यात ओली माती बाहेरून झटकन सुकते, आत ओल राहते, आणि मग बाहेरचा थर आकसून तडकतो. त्यासाठी गोणपाट ओलं ठेवायला जागा आणि पाणी लागते. कूलरची ओली हवा मातीला चालते, पण वारा थेट मूर्तीवर नको. जुलैत उलटं होते. कागद फुगतात, कॅनव्हासच्या मागं बुरशी धरते. भिंतीला ओल असेल तर चित्रं जमिनीपासून आणि भिंतीपासून वीतभर लांब मांडता येतील का, ते पाहा. दाराची रुंदी टेपानं मोजा आणि ती नुसत्या मूर्तीशी नाही, तर प्रभावळीसकट पाटाच्या रुंदीशी ताडून पाहा. गल्लीत छोटा हत्ती (मालाचा छोटा टेम्पो) वळतो की नाही, हेही.

वीज हा सगळ्यात जास्त फसवणारा भाग. विजेच्या भट्टीला बहुधा थ्री फेज लागते, घराच्या सिंगल फेजवर ती ओढत नाही. गावाबाहेर स्वस्त गोडाऊन मिळालं आणि मालक म्हणाला 'थ्री फेज आहे', तर ती लाईन शेतीपंपाची आहे का विचारा. ती पाळीनं काही तासच येते आणि भाजणी मधेच तुटली की अख्खी भट्टी वाया जाते. शिवाय शेतीची लाईन धंद्याला वापरली तर दंड होतो. मीटर कोणत्या वर्गातलं आहे ते बिलावर छापलेलं असते. जुनं बिल मागून स्वतः वाचा आणि थकबाकीही तिथंच पाहा.

करार 11 महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी करावीच लागते, स्टॅम्पपेपरवर नोटरी करून भागत नाही. करारात कामाचा उल्लेख हवा: ठोकाठोकी, धूळ, भट्टी. नाहीतर शेजाऱ्याची एक तक्रार आणि खोली गेली.

हे सगळं जुळलं तरी गाव सोडण्याआधी एक काम उरकून घ्या. कारागिरांसाठीच्या केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत मूर्तिकार, कुंभार, सुतार, टोपल्या विणणारे, खेळणी करणारे बसतात. चित्रकार आणि नट बसत नाहीत. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत आणि 5 टक्के व्याजानं आधी 1 लाखापर्यंत, मग 2 लाखांपर्यंत कर्ज आहे. एका कुटुंबातून एकालाच मिळते. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते, आणि तिथं तुमचे हात सगळ्यांना माहीत असतात. शहरात नव्या पत्त्यावर तुम्हाला ओळखणारं कोणी नाही. म्हणून अर्ज गावातूनच भरा, पडताळणी होऊ द्या, मग सामान हलवा.