दोघांनी मिळून क्राफ्ट बिअर चाखताना गुण कसे द्यावेत

2009 साली पुण्यात ‘डूलॅली’ ही क्राफ्ट बिअर (लहान प्रमाणावर खास तयार केलेली बिअर) बनवणारी छोटी ब्रुअरी सुरू झाली आणि त्यानंतरच्या वर्षांत गव्हाची बिअर, आयपीए (इंडिया पेल एल, ही जास्त कडवट असते), स्टाउट (काळसर, भाजक्या चवीची) ही नावे शहरातल्या बिअरप्रेमींच्या बोलण्यात रुळत गेली. मात्र त्यांच्याविषयीचे मत बहुधा ‘मस्त आहे’ किंवा ‘कडू आहे’ एवढ्यावरच संपते. गुण देण्याचा खटाटोप करायचा तो नेमके काय आवडले हे शब्दांत पकडण्यासाठी, आणि या कामी सोबत मित्र हवाच, कारण आपल्या नाकातून जे निसटते ते पुष्कळदा त्याच्या नाकाला सापडते.

एका बैठकीला चार बिअर पुरेशा आहेत. प्रत्येकी शंभर मिलिलिटर ओतावी. त्याहून अधिक घेतल्यास चौथ्या पेल्यापर्यंत गुण उदार होऊ लागतात. (महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट 21 वर्षांची आहे.) क्रम हलक्याकडून जडाकडे ठेवावा: आधी गव्हाची, मग पेल एल (आयपीएहून सौम्य), त्यानंतर आयपीए आणि शेवटी स्टाउट. आयपीए आधी घेतली, तर तिच्या कडवटपणापुढे गव्हाची बिअर पाण्यासारखी लागते. पेले साबणाचा अंश राहणार नाही असे खळखळून धुवावेत, कारण त्याने फेस बसतो. ते फ्रीजरमध्ये मात्र ठेवू नयेत, कारण अतिथंड बिअरला गंधच उरत नाही. चखणा म्हणून मसाला शेंगदाणे आणि चकली कितीही खुणावत असली, तरी गुण देऊन होईपर्यंत साधा पाव आणि पाणी यांवरच भागवावे, आणि स्वयंपाकघरात फोडणी चालू असताना तर बसूच नये.

गुणांसाठी ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’ या बिअरच्या परीक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची पन्नास गुणांची पद्धत सोयीची आहे: गंधाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या स्पर्शाला 5 आणि एकूण परिणामाला 10. रूपाला अवघे तीनच गुण आहेत हे ध्यानात ठेवावे, म्हणजे सुंदर फेसाला भुलायला होत नाही. ओतल्याबरोबर आधी वास घ्यावा, कारण हलके गंध लवकर उडून जातात. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळे किंवा लवंग कोणीही घातलेली नसते, ती सगळी यीस्टची करामत असते. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात. दोषही नाकालाच आधी कळतात: लोण्यासारखा वास, उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास, किंवा जुन्या बाटलीतून येणारा भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आढळला, तर गुण कापावेत.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की दोघांनीही आपापले गुण कागदावर उतरवून होईपर्यंत एक शब्दही बोलू नये. मित्र ‘अरे, यात कॉफी आहे’ असे म्हणाला, की आपल्यालाही कॉफीच लागू लागते, आणि मग दोन मते उरत नाहीत. तोंड वाकडे करणेही याच नियमात वर्ज्य समजावे. शक्य असल्यास तिसऱ्या कोणाकडून बिअर ओतून घ्यावी आणि बाटल्या झाकून ठेवाव्यात. किंमत व लेबल ठाऊक असले, की हात आपोआप सैल होतो.

मग कागद समोरासमोर ठेवावेत. एकूण गुणांत पाच-सहांहून अधिक फरक असेल, तर सरासरी काढून मोकळे होऊ नये. कोणत्या रकान्यात वाट फुटली ते शोधावे. बहुतेक वेळा एकाने ‘मला आवडत नाही’ यालाच ‘बिघडलेली आहे’ असे मानलेले असते. आंबट बिअर न आवडणाऱ्याने आंबटपणाबद्दल गुण कापले, तर ती चूक बिअरची नव्हे. अशा वेळी पेल्यात राखून ठेवलेला घोट, जो एव्हाना थोडा कोमट झालेला असतो, दोघांनी पुन्हा घ्यावा. स्टाउट तर अशा वेळीच खरी खुलते. त्यानंतर बदललेला आकडा पहिला न खोडता, शेजारी वेगळ्या शाईने लिहावा.